लाकडी पाईप आणि हत्याराची धार

पाईप म्हटले की आपल्याला पाण्याचा नळ आठवतो. पण तंबाखू ओढण्याच्या एका साधनालाही पाईप म्हणतात. आपल्याकडे जशी चिलीम, तसा युरोपात पाईप.

चिलीम मातीची असते. कुंभार ती घडवतो आणि भट्टीत भाजतो. तंबाखू खाली घसरू नये म्हणून आत एक खडा टाकतात. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळतात. पाईप मात्र बहुधा लाकडाचा असतो. त्याला एक लहानशी वाटी असते. वाटीला जोडून दांडी असते. दांडीच्या टोकाला तोंडात धरायची नळी बसवलेली असते. वाटीच्या तळाशी एक बारीक भोक असते. ते दांडीतून थेट नळीपर्यंत जाते. चिलमीत जे काम खडा करतो, ते काम इथे हे बारीक भोक करते. धूर येतो, तंबाखू येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. हा धडा तंबाखू ओढायला शिकवण्यासाठी नाही. तंबाखू हे मूळचे अमेरिकेचे झाड. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आपल्या देशात आणले. तेव्हापासून ते आपल्या मागे लागले आहे. तंबाखू चिलमीतून ओढा, विडीतून ओढा, नाहीतर पाईपातून ओढा. तिच्यामुळे ओठाचा, तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो. हे आता पक्के ठरले आहे. तेव्हा ज्याला सवय नाही त्याने लावून घेऊ नये. ज्याला आहे त्याने सोडावी.

मग पाईपाची गोष्ट कशाला? कारण ही वस्तू मुठीएवढी आहे, पण ती करताना सुताराच्या पेटीतले जवळजवळ प्रत्येक हत्यार लागते. करवत लागते, गिरमिट लागते, पटाशी लागते, कानस लागते. आणि एकही हत्यार बोथट असले, तर ते लगेच कळते. चूक झाकायला जागाच नसते. हत्यार कसे सांभाळावे हे शिकायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

लाकूड कुठून येते?

लाकूड आणि विस्तव यांचे वैर आपल्याला ठाऊक आहे. मग लाकडाच्या वाटीत विस्तव ठेवला तर ती जळत नाही का?

साधे लाकूड असेल तर जळते. पूर्वी युरोपात चेरी, नासपती अशा झाडांच्या लाकडाचे पाईप करून पाहिले. ते लवकर करपत. मातीचे पाईप पुष्कळ चालले, पण ते हातातून पडले की फुटत. मग कारागिरांना एक झुडूप सापडले. त्याचे नाव ब्रायर. भूमध्य समुद्राच्या काठी इटली, ग्रीस, स्पेन, अल्जीरिया या देशांत, आणि कोर्सिका बेटावर ते डोंगरउतारावर उगवते.

या झुडपाची गंमत अशी की, मूळ आणि खोड यांच्या मध्ये, जमिनीतच, त्याला एक मोठी गाठ येते. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो. वरच्या फांद्या जळून जातात. पण गाठ जिवंत राहते आणि पाऊस पडला की तिला पुन्हा कोंब फुटतात. या गाठीचे लाकूड फार घट्ट असते. त्यातल्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. ते विस्तवाला दाद देत नाही. पाईप याच गाठीचा करतात.

चांगली गाठ तयार व्हायला तीस-चाळीस वर्षे लागतात. ती खणून काढतात आणि ओली ठेवतात. कोरड्या वाऱ्यात पडली तर ती तडकते. मग करवतीने तिचे ठोकळे पाडतात. ते ठोकळे पाण्यात बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त उकळतात. उकळल्याने आतला कडू रस निघून जातो आणि लाकूड तडकण्याची भीती कमी होते. त्यानंतर ठोकळे सावलीत, हवेशीर जागी वाळत ठेवतात. हे वाळवणे काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत चालते.

इथे घाई करून चालत नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे केले तर ठोकळ्याला भेग पडते. आपल्याकडेही तेच आहे. ओल्या सागाचा दरवाजा केला तर तो वाकतो आणि चौकटीत बसत नाही. लाकूड मुरले पाहिजे. त्याला वेळ दिला पाहिजे.

आता हिशेब करा. गाठ वाढायला तीस वर्षे. वाळायला वर्ष, दोन वर्षे. आणि गिरमिट बोथट असेल तर हे सगळे वाया जायला एक क्षण पुरतो. हत्याराची निगा का राखायची, ते या हिशेबातच आले.

बर्फाच्या गावातले शेतकरी

फ्रान्स देशाच्या पूर्वेला जुरा नावाचे डोंगर आहेत. त्या डोंगरांत सेंट क्लॉड नावाचे गाव आहे. तिथे हिवाळा लांबलचक असतो. शेतावर बर्फ साचते आणि काम बंद पडते. मग शेतकऱ्याने काय करायचे? तिथले शेतकरी घरात बसून लाकूडकाम करीत. कठीण लाकूड कातून ते जपमाळेचे मणी, डब्या, नळाच्या तोट्या असल्या वस्तू बनवीत. गावात एका संताचे स्थान होते. तिथे येणारे यात्रेकरू या वस्तू विकत घेत. आपल्या पंढरपूरला, आळंदीला तुळशीच्या माळा विकतात ना, तसेच.

१८५० नंतरच्या काही वर्षांत या गावात ब्रायरची गाठ येऊन पोचली. कातकाम लोकांच्या हातात होतेच. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी चाके होती. बघता बघता सेंट क्लॉडचे पाईप जगभर जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या डोंगराळ भागात हजारो माणसे हेच काम करीत होती.

पुढे सिगारेट आली आणि पाईप मागे पडला. आज सेंट क्लॉडला मोजकेच कारखाने उरले आहेत. पण धंदा अगदी बुडाला नाही. त्याने रूप बदलले. दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात सिक्स्टन इव्हार्सन नावाचा कारागीर होता. तो मूळचा स्वीडनचा. मोडके पाईप दुरुस्त करता करता तो नवे पाईप घडवू लागला. आधी ठोकळ्यातल्या रेषा कशा वाहतात ते पाहायचे आणि मग आकार ठरवायचा, अशी त्याची रीत होती. त्याच्या रीतीने पुढे पुष्कळ जण शिकले. आज युरोपात आणि अमेरिकेत अनेक कारागीर घराच्या पडवीत, एका बाकावर, एकेक पाईप हाताने करतात.

हात शिकलेला असला की वस्तू बदलली तरी पोट चालते. सेंट क्लॉडच्या शेतकऱ्याने आधी मणी कातले, मग पाईप कातले. हत्यारे तीच होती.

घरच्या बाकावर पाईप कसा करतात?

कामाच्या बाकाला एक शेगडा असतो. शेगड्यात ठोकळा घट्ट धरता येतो. हे पहिले साधन. ठोकळा हलता कामा नये.

पहिली पायरी आखणीची. ठोकळ्याच्या अंगावर पेन्सिलीने दोन रेघा काढतात. एक उभी रेघ, ती वाटीची. दुसरी आडवी किंवा तिरपी रेघ, ती दांडीची. या दोन रेघा जिथे मिळतात, तिथे वाटीचा तळ येतो. सगळा पाईप या दोन रेघांवर उभा असतो.

दुसरी पायरी भोके पाडण्याची. एकूण तीन भोके असतात.

पहिले भोक वाटीचे. ते सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असते. अंगठा आत जाईल एवढे. खोली साडेतीन-चार सेंटिमीटर. किती खोल जायचे ते कळावे म्हणून गिरमिटाला चिकटपट्टी लावून खूण करतात.

दुसरे भोक दांडीच्या टोकाला. ते सुमारे आठ मिलिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर खोल. यात पुढे तोंडातली नळी बसते.

तिसरे भोक सगळ्यांत बारीक. जोंधळ्याचा दाणा जेमतेम जाईल एवढे, म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास. ते दुसऱ्या भोकाच्या मधोमध सुरू होते आणि दांडीतून सरळ जाऊन वाटीच्या तळाशी, अगदी मध्यावर निघते. धुराची वाट ती हीच.

हे तिसरे भोक म्हणजे कारागिराची परीक्षा. ते तळाच्या वर निघाले, तर खाली ओली राख साचते. ते खाली गेले, तर वाटीचा तळ पातळ होतो आणि पुढे तिथेच जळून भोक पडते. ते एका बाजूला गेले, तर धूर नीट येत नाही. बारीक गिरमिट लांब असते, म्हणून ते वाकते. लाकडाच्या रेषा त्याला आपल्याकडे ओढतात. गिरमिट धारदार असले तर ते रेषा कापत सरळ जाते. बोथट असले तर रेषेच्या कलाने वाकडे जाते. आत काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. भोक पाडून झाल्यावर कळते, आणि तेव्हा उपाय नसतो.

म्हणून दुसरे आणि तिसरे भोक पाडताना मध्ये ठोकळा शेगड्यातून सोडत नाहीत. गिरमिट हळू फिरवतात. थोडे आत गेले की बाहेर काढतात आणि भुसा झटकतात. मग पुन्हा आत घालतात. भुसा आत दाटला की गिरमिट तापते आणि लाकूड करपते.

तिसरी पायरी आकार देण्याची. नको असलेला भाग करवतीने काढतात. मग जाडी कानस घेतात. या कानशीच्या अंगावर उभे दाणे असतात. ती लाकूड भराभर खाते. त्यानंतर बारीक कानस. वाटीच्या भिंतीची जाडी निदान सहा मिलिमीटर तरी ठेवतात. भिंत पातळ झाली तर हाताला चटका बसतो.

चौथी पायरी नळीची. पूर्वी नळी शिंगाची करीत. पुढे कडक रबराची करू लागले. आता प्लास्टिकच्या जातीचीही करतात. नळीचे टोक कातून दांडीच्या भोकात बसवतात. ते सैल नको आणि फार घट्टही नको. ओल लागली की लाकूड फुगते. घट्ट टोक असेल तर दांडी उकलते. कुदळीचा दांडा बसवताना आपण हाच विचार करतो.

पाचवी पायरी घासण्याची. आधी जाडा काचकागद, मग मध्यम, मग बारीक. मधली पायरी गाळायची नाही. जाड्या कागदाचे ओरखडे बारीक कागदाने जात नाहीत. नुसता घाम जातो. मध्ये एकदा लाकूड ओल्या फडक्याने पुसतात. त्याने दबलेले तंतू वर उठतात. वाळल्यावर ते पुन्हा घासतात. मग लाकूड गुळगुळीत होते आणि तसेच राहते.

शेवटी मेण. ब्राझील देशात एक ताडाच्या जातीचे झाड आहे. त्याच्या पानांवर कडक मेण येते. त्याला कार्नोबा मेण म्हणतात. ते कापडाच्या फिरत्या चाकावर लावून पाईप चमकवतात. वाटीच्या आत मात्र मेण, रोगण काही लावत नाहीत. तिथे विस्तव असतो.

इतके सगळे केल्यावरही कधी कधी घासताना लाकडात दडलेला खळगा उघडा पडतो. गाठ जमिनीत वाढताना आत खडा, माती अडकलेली असते. ते कुणाला आधी दिसत नाही. लाकडाचा दोष आपल्या हातात नसतो. धारेचा दोष मात्र आपल्याच हातात असतो.

हत्यारांची निगा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पुष्कळांना वाटते, हत्याराची निगा हे काम संपल्यावरचे काम. वेळ मिळाला तर करू. पण ते तसे नाही. धार लावणे हा कामाचाच भाग आहे. शेतकरी नांगरणीच्या आधी फाळ पाजवून आणतो. नांगरट झाल्यावर नाही.

गिरमिट. पिळाच्या गिरमिटाच्या टोकाला दोन धारा असतात. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या आणि सारख्या उताराच्या हव्यात. एक लांब आणि एक आखूड झाली, तर भोक मोठे पडते आणि वाकडे जाते. म्हणून धार लावताना जितके एका बाजूला घासाल, तितकेच दुसऱ्या बाजूला घासा. गिरमिट बोथट झाले हे कसे ओळखावे? धारदार गिरमिटातून लाकडाच्या वळ्या निघतात. बोथट गिरमिटातून नुसती भुकटी निघते. करपल्याचा वास येतो, धूर येतो. जोर जास्त लावावा लागतो. जोर लावावा लागला की थांबा. आधी धार पाहा.

पटाशी. पटाशीची धार एका बाजूने उतरती असते आणि मागची बाजू सपाट असते. साध्या लाकूडकामाला धारेचा उतार पंचवीस ते तीस अंशांचा ठेवतात. काटकोनाचे तीन सारखे भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे तीस अंश. उतार जास्त निमुळता केला तर धार चटकन तुटते. जास्त बसका केला तर ती लाकडात शिरत नाही.

निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, आधी पाणी किंवा तेल घाला. ज्या दगडाला पाणी लावता त्याला तेल लावू नका. पटाशीचा उतार दगडावर सपाट टेकवा आणि तसाच धरून पुढे-मागे फिरवा. हात वर-खाली डुलू देऊ नका. डुलला की धार गोल होते. दगडाच्या मधोमधच घासत राहू नका. सगळा दगड वापरा, नाहीतर मध्ये खळगा पडतो. खळगा पडलेल्या दगडावर सरळ धार लागत नाही.

थोडे घासल्यावर मागच्या बाजूला पोलादाची केसाएवढी कड उभी राहते. बोटाने हळूच चाचपले की ती लागते. धारेवर बोट लांबवून ओढू नका. आडवे, बाहेरच्या दिशेने चाचपा. ही कड सबंध रुंदीभर आली, म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. मग पटाशी उलटी करून मागची बाजू दगडावर अगदी सपाट टेकवा आणि दोन-चार वेळा फिरवा. कड निघून जाते. शेवटी न्हावी वस्तरा फिरवतो तशी पटाशी चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढा. पुढे ढकलू नका, चामडे कापले जाईल.

विजेच्या किंवा हाताने फिरवायच्या चाकावर धार लावताना फार सांभाळा. चाकावर पोलाद झटकन तापते. धार निळी पडली, की तिचे पाणी उतरले म्हणून समजा. लोहाराने पोलाद तापवून, पाण्यात बुडवून त्याला कडकपणा दिलेला असतो. तो त्या निळ्या जागी नाहीसा होतो. अशी धार कितीही लावा, दोन घावांत बसते. म्हणून शेजारी पाण्याचे भांडे ठेवा. थोडे टेकवा, पाण्यात बुडवा, पुन्हा टेकवा. हाताला गरम लागले की थांबायचे.

कानस. कानस पुढे ढकलताना कापते. मागे घेताना उचलून घ्या. मागे घासत आणली तर दाते झिजतात. दात्यांत भुसा भरला की कानस घसरते, लाकूड कापत नाही. तारेच्या ब्रशाने दात्यांच्या रेघांच्या दिशेने झाडा. काम सुरू करण्याआधी कानशीवर खडू घासला तर भुसा कमी चिकटतो. कानशीला तेल लावू नका. तेलाने भुसा घट्ट बसतो. लोखंडाची कानस लाकडाला आणि लाकडाची लोखंडाला वापरू नका. कानशी एकीवर एक रचू नका. त्याही पोलादाच्याच आहेत. एकमेकींवर घासून त्या एकमेकींना बोथट करतात. पेटीत प्रत्येकीला वेगळे घर करा. जाड फडक्यात गुंडाळल्या तरी चालते. आणि मुठीशिवाय कानस कधी हातात धरू नका. तिचे शेपूट अणकुचीदार असते. कानस अडली तर ते तळहातात घुसते.

गंज. आपल्या पावसाळ्यात, त्यातून कोकणात, गंज हा हत्यारांचा मोठा वैरी आहे. काम संपले की हत्यारावरचा भुसा झटका. भुसा हवेतली ओल शोषतो आणि पोलादाला चिकटून बसतो. गंज तिथूनच सुरू होतो. घामाच्या हातानेही गंज येतो. कोरड्या फडक्याने पुसा. मग पटाशी, गिरमीट, करवतीचे पाते यांना शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा हात फिरवा. पुष्कळ तेल नको. बोटाला लागेल न लागेल इतकेच पुरे. जवसाचे तेल पात्याला लावू नका. ते वाळून चिकट होते. पण तेच तेल लाकडी मुठीला चांगले. मूठ तडकत नाही.

मूठ सैल झाली तर त्याच दिवशी बसवा. पटाशीची लाकडी मूठ हातोडीने ठोकू नका. लाकडी मोगरी वापरा. हातोडीने मूठ फुटते.

आधी आपले शरीर

बोथट हत्याराने हात कापतो, धारदार हत्याराने कापत नाही, असे जुने सुतार सांगतात. ऐकायला उलटे वाटते. पण विचार करा. धार असली की हत्यार आपल्या इच्छेने चालते. धार नसली की आपण अंगाचा जोर लावतो. जोर लावला की ते सटकते. सटकले की पुढे असेल त्यात घुसते. पुढे बहुधा दुसरा हात असतो. म्हणून दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे ठेवा. लहान वस्तू मांडीवर किंवा मुठीत धरून कोरू नका. शेगड्यात धरा.

फिरत्या यंत्राजवळ उपरणे, सैल बाही, पदर, मोकळे केस, हातमोजे नकोत. यंत्र त्यांना ओढते आणि मागोमाग माणसाला ओढते. डोळ्यांना चष्मा लावा.

आणि धुरळ्याला हलके समजू नका. बारीक लाकडी धुरळा वर्षानुवर्षे नाकात गेला, तर नाकातल्या पोकळीचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली छापलेल्या अहवालात लाकडी धुरळा कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला आहे. तेव्हा घासकाम मोकळ्या हवेत करा. वारा पाठीमागून किंवा बाजूने येऊ द्या. नाकातोंडावर चांगला मास्क बांधा. धुरळा कोरड्या झाडूने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसून घ्या. जिथे घासकाम चालते तिथे पोरांना खेळू देऊ नका आणि चूल पेटवू नका.

आपल्या गावात हे कुठे उपयोगी पडते?

एखादा म्हणेल, "अहो, आम्हाला कुठे पाईप करायचा आहे?" बरोबर आहे. पण सावंतवाडीला लाकडाची फळे आणि खेळणी करतात. गावोगावचे सुतार पोळपाट-लाटणे, पलंगाचे पाय, औताची लाकडे करतात. या सगळ्यांना गिरमिट, पटाशी, कानस लागतेच. सेंट क्लॉडच्या शेतकऱ्याला जे नियम लागू, तेच आपल्या सुताराला लागू.

आणि सुतारच कशाला? घरात विळी आहे, कोयता आहे, कुऱ्हाड आहे, खुरपे आहे. बोथट विळ्याने कापणी करणारी बाई दिवसभरात दुप्पट जोर लावते. तिचे मनगट दुखते, कंबर दुखते, आणि तरी पेंढ्या कमीच होतात. तिला कुणी आळशी म्हणते. विळा पाजवला असता तर ती सगळ्यांच्या पुढे गेली असती. नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण दुसऱ्याला हसून म्हणतो. पण कधी कधी अंगण खरेच वाकडे असते. ते सरळ करणे आपल्याच हातात असते.

धार लावायला वेळ किती लागतो? पटाशी नीट ठेवलेली असेल तर पाच-दहा मिनिटे. दगड एकदा घेतला की वर्षानुवर्षे पुरतो. तेलाची लहान कुपी कित्येक महिने जाते. नवी पटाशी घ्यायची म्हटली तर कितीतरी जास्त पैसे पडतात. आणि कापलेले बोट तर कुठल्याच बाजारात मिळत नाही.

हे ध्यानात ठेवा

१. लाकूड पुरते वाळू द्या. घाई केली की तडा जातो.

२. कामाला बसण्याआधी धार पाहा. जोर लावावा लागला की थांबा आणि धार लावा.

३. गिरमिटाच्या दोन्ही धारा सारख्या ठेवा. मधून मधून भुसा झटका.

४. चाकावर धार लावताना पाणी जवळ ठेवा. धार निळी पडू देऊ नका.

५. कानस पुढे जाताना चालवा, मागे घेताना उचला. मूठ बसवल्याशिवाय हातात घेऊ नका.

६. काम संपले की पुसा, तेलाचा हात फिरवा, प्रत्येक हत्यार आपापल्या जागी ठेवा.

७. दोन्ही हात धारेच्या मागे. नाकातोंडावर मास्क.

आज संध्याकाळी घरातले एक हत्यार काढा. विळी काढा, नाहीतर खुरपे काढा. उजेडात धार वर करून पाहा. जिथे पांढरी रेघ चमकते, तिथे ती बोथट आहे. धारदार कड उजेडात दिसतच नाही. ती पांढरी रेघ नाहीशी होईपर्यंत दगडावर घासा. उद्या कामाला गेल्यावर हाताला फरक कळेल.